मदत हवी आहे: इंग्रजीत ‘दो’ (though, म्हणजे ‘जरी’) आल्यावर ‘बट’ सुटत नाही

पुण्यात हडपसरला मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. एका जागी गाडी अडली आहे.

‘इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड’ हे वाक्य ‘दो’ वापरून लिहा म्हटलं की हमखास ‘दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड’ येतं. जरी-तरीची जोडी डोक्यात पक्की बसलेली, त्यामुळे होतं हे उघड आहे. दोन्हींतलं एकच ठेवायचं, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. सरावाच्या कागदावर बरोबरही लिहितात, पण निबंधाला बसले की ‘बट’ हजर! (‘दो’नंतर ‘येट’ चालतं, हे मुद्दामच सांगितलेलं नाही.)

‘हाउएव्हर’चं दुखणं वेगळं. त्याच्या आधी नुसता स्वल्पविराम देऊन दोन पूर्ण वाक्यं जोडतात. तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, हे फळ्यावर पटतं, वहीत उतरत नाही.

मुलांकडे स्वतःचे फोन नाहीत, त्यामुळे व्हिडिओ किंवा अ‍ॅप नको. पोरं हुशार आहेत, नुसत्या सवयीपायी मार्क जाऊ नयेत असं फार वाटतं.

ही सवय मोडणारा एखादा तोंडी सराव किंवा खेळ कुणी वर्गात करून पाहिलाय का? आणि ‘हाउएव्हर’ आत्ताच घ्यावं, की ‘दो’ पक्कं झाल्यावर?