शब्दचर्चा : आजाराचं ‘प्रमाण वाढलं’ म्हणजे नेमकं काय वाढलं?

चरई :
ठाण्यात राहते, रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करते. सध्या हातात पित्तनलिकेच्या कर्करोगावरचं काम आहे आणि एका वाक्यावर तीन दिवस अडले आहे. आशय असा : गेल्या काही दशकांत अमेरिका, ब्रिटन अशा देशांत यकृताच्या आतल्या पित्तनलिकांच्या कर्करोगाचा ‘इन्सिडन्स’ वाढत गेला, यकृताबाहेरच्या नलिकांचा मात्र स्थिर राहिला किंवा घटला. या ‘इन्सिडन्स’ला मराठीत काय म्हणायचं?

वर्तमानपत्रांत तीन शब्द दिसतात : प्रमाण, लागण, प्रादुर्भाव. पहिला मोघम आहे, उरलेले दोन मला चालणारच नाहीत. कारण सांगते. माझे मोठे मामा कोपरीला राहायचे. डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी, शौच मातकट. खाज अशी की रात्रभर पोटऱ्या ओरबाडायचे, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. कावीळ म्हणून आधी झाडपाला झाला, त्यात तीन आठवडे गेले. मग निदान झालं पित्तनलिकेच्या कर्करोगाचं. त्याच सुमारास कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवला, त्यात ‘या कर्करोगाचा प्रादुर्भाव वाढतोय’ असं होतं. मामीने तो वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून मामांचं ताट आणि पेला वेगळा झाला. मामा काही बोलले नाहीत, जेवायला उशिरा बसू लागले. एका शब्दाने एवढं होतं, म्हणून विचारते आहे.

घणसोली :
ताई, शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे प्रकाशाच्या धड्यात आपाती किरण आणि आपतन कोन असतो. ‘आपतन’ म्हणजे येऊन पडणं, आणि ‘इन्सिडन्स’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थही तोच. त्यामुळे ‘आपतन दर’ हा शब्द व्युत्पत्तीने अगदी चोख बसतो. पण कानाला तो ‘आपत्ती’सारखा लागतो, धातू वेगळा असला तरी. रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदावर मी तो छापणार नाही. शोधनिबंधात हरकत नाही.

खारघर :
एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात बरीच वर्षं काढली. शब्द ठरवायच्या आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण ‘प्रमाण’ त्या एकत्र कालवतं. शाळेचंच उदाहरण घेते. यंदा नव्याने नाव घातलेली मुलं वेगळी आणि पटावरची एकूण मुलं वेगळी. इन्सिडन्स म्हणजे नवे दाखले, ठरावीक काळात किती जणांना आजार नव्याने झाला. प्रिव्हॅलन्स म्हणजे पट, आज किती जण तो आजार घेऊन जगत आहेत.

पित्तनलिकेच्या कर्करोगात हा फरक फार बोलतो. बहुतेकांचं निदान उशिरा होतं आणि त्यानंतर फार वर्षं हातात राहत नाहीत, त्यामुळे नवे दाखले येत राहिले तरी पट मात्र भरत नाही. उद्या उपचार सुधारले, माणसं जास्त वर्षं जगली, तर पट वाढेल. ती आनंदाची बातमी असेल, आणि बातमीत मात्र ‘कर्करोगाचं प्रमाण वाढलं’ असं छापून येईल. म्हणून पहिल्यासाठी ‘नवरुग्ण दर’ आणि दुसऱ्यासाठी ‘विद्यमान रुग्णांचं प्रमाण’ असं मी सुचवते.

नेरूळ :
‘नवरुग्ण’ ऐकून मला नवरदेव आठवतो. जन्मदर, मृत्युदर हे शब्द आपल्याकडे रुळलेले आहेत, तर त्याच चालीवर ‘उद्भवदर’ का नको?

चरई :
‘उद्भवदर’ आवडला. आणि त्यामुळे एक गाठ सुटली. या रोगाचा सर्वाधिक उद्भवदर ईशान्य थायलंडमध्ये आहे. खोन केन भागात लाखामागे ८०च्या वर गेलेले आकडे नोंदले गेले आहेत, तर पाश्चात्त्य देशांत ते लाखामागे एक-दोनच्या आसपास असतात. तिथे गोड्या पाण्यातले मासे कच्चे खातात, त्यातून यकृतात शिरणारा एक चपटा कृमी पित्तनलिकांमध्ये वर्षानुवर्षं राहतो आणि नलिकेचं अस्तर सतत सुजतं राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्या कृमीला कर्करोगकारक ठरवलं.

म्हणजे इथे ‘प्रादुर्भाव’ हा शब्द हवाच, पण कृमीसाठी. तुडतुड्यांचा, डेंग्यूचा होतो तसा कृमीचा प्रादुर्भाव. आणि कर्करोगाचा उद्भव. ‘प्रादुर्भाव’चा मूळ अर्थ नुसता प्रकट होणं एवढाच आहे, हे मला माहीत आहे. पण शब्दाला व्युत्पत्ती असते तशी संगतही असते, आणि आपल्याकडे ‘प्रादुर्भाव’ कीड आणि साथीच्याच संगतीत राहिला आहे. मामींना कुणी हा फरक दोन ओळींत सांगितला असता तर पेला वेगळा झाला नसता.

पाचपाखाडी :
चर्चा ‘इन्सिडन्स’ची आहे, पण त्याआधीचा शब्द सोडू नका. मराठीत ‘पित्त’ फार पसरलेलं आहे. पित्त झालं म्हणजे आंबट ढेकर, पित्त उठलं म्हणजे अंगावर गांधी. ‘पित्ताचा कॅन्सर’ लिहिलंत तर लोक कोकम सरबत पितील आणि थांबतील. शिवाय पित्ताशय ही पिशवी, खडे तिच्यात होतात. पित्तनलिका ही नळी. ‘पित्तवाहिनी’ही चालेल, पण अन्ननलिका, श्वासनलिकेच्या रांगेत ‘पित्तनलिका’ लगेच कळते. पत्रकात एक साधं चित्र घाला.

खारघर :
पिशवी आणि नळीचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण गोंधळ फक्त बोलण्यात नाही, आकड्यांतही आहे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत यकृताच्या आतल्या पित्तनलिकेचा कर्करोग सी २२ खाली, म्हणजे यकृताबरोबर येतो. पित्ताशयाला सी २३. यकृताबाहेरच्या नलिकेला सी २४. आपल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालांच्या तक्त्यांत सी २३ आणि सी २४ एका ओळीत ‘पित्ताशय इत्यादी’ म्हणून असतात. आणि उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग पुष्कळ आढळतो. त्या ओळीवरून पित्तनलिकेचा कल सांगायला गेलात तर पिशवीचा आकडा नळीच्या नावावर जाईल.

याहून मोठी गोष्ट घडली ती अमेरिकेत. यकृताच्या तोंडाशी, जिथे डावी आणि उजवी नलिका एकत्र येतात, तिथे होणाऱ्या गाठीचं १३ रुग्णांवरून सविस्तर वर्णन १९६५ मध्ये जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी केलं. त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. खरं तर ती गाठ यकृताबाहेरच्या नलिकेची. अर्बुदांच्या, म्हणजे गाठींच्या, वेगळ्या वर्गीकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९० मध्ये, तिला स्वतःचा क्रमांक मिळाला, पण तो जोडला गेला आतल्या नलिकांशी. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तो आत किंवा बाहेर कुठेही लावायची मुभा मिळाली. उंबरठ्यावरच्या माणसाला दहा वर्षं घरातला म्हणून मोजलं, असं समजा. पुढे १९९२ ते २००० च्या अमेरिकी नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा अशा ९१ टक्के गाठी ‘आतल्या’ म्हणून पडलेल्या आढळल्या. त्याने आतल्या प्रकाराचा दर १३ टक्क्यांनी फुगला होता आणि बाहेरचा १५ टक्क्यांनी दबला होता.

ताई, तुमच्या अडलेल्या वाक्यात नेमकं हेच दोन दर आहेत.

घणसोली :
मग वाढ झालीच नाही असं म्हणायचं का?

खारघर :
तसं नाही, सर. चढ खूप मोठा आहे, १३ टक्क्यांत तो संपत नाही. सिरॉसिस, हेपटायटिस बी आणि सी, मधुमेह, लठ्ठपणा यांचा आतल्या प्रकाराशी संबंध दिसलेला आहे. शिवाय पूर्वी ज्या रुग्णांच्या पुढे ‘मूळ ठिकाण अज्ञात’ असं लिहून सोडून द्यावं लागायचं, त्यातल्या काहींचं मूळ आता चांगल्या स्कॅनमुळे आणि पेशींच्या तपासणीमुळे पित्तनलिकेत सापडतं. म्हणजे थोडी वाढ आजाराची, थोडी नजरेची, थोडी वहीतल्या रकान्याची. ‘वाढ’ लिहा, पण ‘नोंदलेली वाढ’ लिहा. आता रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत यकृताच्या दाराशी होणाऱ्या प्रकाराला वेगळा क्रमांक आहे. मराठीत त्याला ‘यकृतद्वारीय’ म्हणता येईल.

नेरूळ :
एक राहिलं. असे दर वयाचा हिशेब करून मांडतात. त्याला ‘वयप्रमाणित प्रमाण’ म्हटलं की जीभ अडखळते, आणि एकच शब्द दोन अर्थांनी येतो. ‘वयप्रमाणित उद्भवदर’ म्हटलं की प्रश्न मिटतो. हा हिशेब का लागतो ते इथेच पाहा. नौपाड्यात साठी ओलांडलेली माणसं घरोघरी, आणि घणसोलीच्या नव्या इमारतींत तरुण जोडपी. हा आजार मुख्यतः उतारवयातला, म्हणून ढोबळ दर नौपाड्याचाच जास्त दिसणार. त्यात नौपाड्याच्या हवेचा किंवा पाण्याचा काही दोष नाही.

चरई :
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘ट्रेंड’साठी ‘कल’ ठेवते. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी सगळं गाव तो शब्द वापरतं, वेगळा शोधायला नको. वाक्य आता असं झालं आहे :

‘गेल्या काही दशकांत अनेक पाश्चात्त्य देशांत यकृताच्या आतल्या पित्तनलिकांच्या कर्करोगाच्या उद्भवदरात (दर वर्षी लाख लोकांमागे नव्याने आजारी पडणारे) वाढीचा कल नोंदला गेला आहे. यकृताबाहेरच्या नलिकांच्या बाबतीत हा दर स्थिर राहिला किंवा घटला. यातला काही फरक नोंदीच्या पद्धती बदलल्यामुळे दिसतो. हा कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाचं ताट-भांडं वेगळं करू नये.’

शेवटचं वाक्य मूळ मजकुरात नाही. ते ठेवू द्या म्हणून संपादकांना आजच फोन करते आहे.