सायकलने किनारा पार केला, पण कोकण पाहिले का?

चढउतार (प्रश्न):
गेल्या हिवाळ्यात मांडव्याहून किनाऱ्याच्या रस्त्याने गोव्यापर्यंत सायकलने गेलो. आता त्या प्रवासाची उजळणी करताना देवळांपेक्षा आणि किल्ल्यांपेक्षा चढच अधिक स्पष्ट आठवतात. दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने धोपाव्याला उतरल्यावर अंगावर येणारा चढ, तवसाळच्या खाडीकडे झेपावणारा उतार, मग पलीकडे जयगडला पुन्हा तोच खेळ. मोटारीतून हाच प्रदेश मला सपाट किनारपट्टी वाटत असे. मात्र संध्याकाळच्या आत मुक्काम गाठायचा असल्याने राजपुरीच्या खाडीतून जंजिरा समोर दिसत असूनही तिकडे वळलो नाही. श्रमातून प्रदेश खऱ्या अर्थाने कळतो, असे आपण धावणारे, चढणारे आणि सायकल चालवणारे प्रवासी नेहमी म्हणतो. ते कितपत खरे मानावे?

सड्यावरचा:
मी गुहागर तालुक्यातला आहे. आपल्या पायांना जे कळले ते चुकीचे नाही. जांभ्या दगडाचे उंच सडे, म्हणजे सपाट माथ्याची कातळ-पठारे, आणि त्यांना कापत समुद्राला मिळणाऱ्या वाशिष्ठी, शास्त्री यांसारख्या नद्या, अशी येथील रचना आहे. पाणी, माती आणि नारळी-पोफळी खाली असल्यामुळे गावे खाली वसली आणि सडा मोकळा राहिला. वाऱ्याचेही तसेच. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा दुपारपर्यंत पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, हे मोटारीची काच वर केलेल्या माणसाला कधीच कळणार नाही.

तरीही एक तक्रार नोंदवतो. सायकलस्वाराला सडा म्हणजे केवळ चढाचा शेवट वाटतो. तो तेथे पाणी पितो, छायाचित्र काढतो आणि उताराला लागतो. रत्नागिरीच्या दक्षिणेला पूर्णगड ओलांडून आडिवऱ्याकडे जाताना कशेळीचा सडा लागतो. तेथे जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या आकृतीत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. कोकणातील ही कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. ती जमिनीवर आडवी असल्याने रस्त्यावरून दिसत नाहीत. सायकल आडवी टाकून चालत जावे लागते.

घाटवाट:
श्रमाची बाजू मी थोडी अधिक जोरात मांडेन. नाणेघाटाच्या माथ्यावर जुन्नरकडून थेट गाडीने जाता येते. तसे गेलेल्या माणसाला तेथे एक लेणे, सातवाहनकालीन ब्राह्मी लेख, दगडी रांजण आणि पाण्याची काही टाकी दिसतात. तो माहितीफलक वाचून परततो. परंतु वैशाखरे गावाकडून, कोकणातून, जुन्या फरसबंदीच्या वाटेने भर उन्हात चढून आलेल्या माणसाला ती टाकी तेथेच का खोदली हे कोणी सांगावे लागत नाही. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून माल घेऊन घाट चढणाऱ्या तांड्याची पहिली गरज पाणी हीच असणार, आणि नेमक्या त्याच क्षणी आपल्यालाही तीच गरज असते. लेखाचा अर्थ मात्र पाय सांगत नाहीत, तो आधी वाचूनच जावे लागते, हेही मान्य.

उतारावरचा धावपटू:
आधीच्या दोन्ही उत्तरांत घड्याळाचा विचार आलेला नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. साताऱ्याची हिल मॅरेथॉन घ्या. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचे आणि अर्ध्यावरून परत फिरायचे, असे तिचे 21 किलोमीटर आहेत. कासचे पठार साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटर असल्याने धावणारा तेथवर पोहोचतच नाही. बाहेरगावचे अनेक धावपटू फुलांच्या हंगामाच्या सुमारास येतात, पदक घेतात आणि पठार न पाहताच परततात. घाटाचे प्रत्येक वळण त्यांना पाठ असते, कारण कोठे वेग राखायचा आणि कोठे दम वाचवायचा हे त्या वळणांवर ठरते. याला मी अज्ञान म्हणणार नाही. ते अतिशय नेमके, पण अरुंद ज्ञान आहे. त्याच घाटात स्पर्धा नसताना सकाळी सावकाश धावलो, तेव्हा खालचे शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी कसे वसले आहे ते प्रथमच नीट पाहिले. श्रम तेवढेच होते, फक्त वेळेची नोंद ठेवायची नव्हती.

चढउतार:
सर्वांचे आभार. घड्याळाचा मुद्दा मला लागू पडतो, कारण माझे सगळे मुक्काम आधीच ठरलेले होते आणि दिवसाचे अंतर त्यांनीच ठरवले. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे खाड्यांवरील पूल पूर्ण झाले की फेरीबोटीसाठी धक्क्यावर थांबणेही संपेल, आणि त्या प्रवासात स्थानिक माणसांशी माझे जे काही बोलणे झाले ते बहुतेक तेथेच झाले होते. येत्या डिसेंबरात पूर्णगड ते जैतापूर एवढाच टप्पा करीन म्हणतो. सड्यावरचा, कशेळीला सकाळी किती वाजता पोहोचलो तर कोरीव रेषा तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतील?

सड्यावरचा:
ऊन वर चढण्याआधी या, आठच्या सुमारास. गावात विचारून जा, आणि कातळावर पादत्राणे काढून चाला.