घरच्या लॅनवर प्रत्येक मुलाचं वेगळं खातं, की सगळ्या घराला एकच?

घडियाळीपोळ:
माझं मत आधीच मांडतो. घरात खेळणारी मुलं जितकी, तितकी खाती हवीत. इथे बडोद्यात आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत एकच खातं असतं, बाबांच्या ईमेलवर काढलेलं, आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ. दिवाळीत पुण्याची भाचरं आली की त्यांनाही तोच.

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळाचंच बघू, कारण घरच्या लॅनवर, म्हणजे घरातली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्यावर, मुलं जास्त करून तेच खेळतात. त्याच्या पीसीवरच्या जावा आवृत्तीत खातं हीच खेळाडूची ओळख. एकाच खात्यानं दोघं एका जगात शिरू शकत नाहीत. यावर मला नेहमी ऐकवलं जातं, 'मग आळीपाळीनं खेळा की.' पण आळीपाळीनं खेळूनही गाडं तिथंच अडतं. अंगावरचं सामान, एंडर चेस्टमधला साठा, कमावलेली लेव्हल, पलंग कुठे मांडलाय, हे सगळं सर्व्हर, म्हणजे खेळाचं जग चालवणारं यंत्र, खात्याच्या ओळखक्रमांकाखाली साठवतो. थोरल्यानं रात्री जागून हिऱ्यांची कुदळ मिळवली आणि सकाळी धाकटी ती घेऊन लाव्ह्यात पडली, तर खेळाच्या लेखी दोघं एकच माणूस. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटतं. नऊ वर्षांच्या मुलीला विचारा, तिनं बांधलेल्या घरातलं सामान 'दादाचं' ठरतं तेव्हा तिला काय वाटतं.

दुसरं कारण वयाचं. पंधरा वर्षांच्या मुलाला अनोळखी खेळाडूंशी बोलायची परवानगी मी विचार करून देईन, नऊ वर्षांच्या मुलीला देणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली ग्रुपमध्ये सहा जण बसतात आणि प्रत्येकाची वेळ, गप्पा, खरेदी वेगवेगळी ठरवता येते. खातं एकच असेल तर एक तर मोठ्याला लहानाच्या नियमात कोंबा, नाही तर लहानाला मोठ्याच्या नियमात मोकळं सोडा. बहुतेक घरांत दुसरंच घडतं.

खर्च होतो, मान्य. पण पीसीवर जून 2022 पासून जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या एकाच खरेदीत मिळतात, आणि सगळ्यांना एकदम घ्यायला कुणी सांगितलंय? एकेका वाढदिवसाला एकेक घ्या.

एक सूचना, कारण इथे पुष्कळ पालक अडकतात. मुलाचं खातं नवीन काढलं की खेळातलं 'मल्टिप्लेअर'चं बटण दाबताच येत नाही, आणि मग लोक राउटर बंद-चालू करत बसतात. राउटर ठीक असतो. पालकानं आपल्या खात्यातून मायक्रोसॉफ्टच्याच एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन त्या मुलाला मल्टिप्लेअरची परवानगी द्यावी लागते. घरातल्या घरात खेळायलासुद्धा.

विरोधी मत जरूर मांडा, फक्त कारणासकट.

मांजलपूरकर:
दादा, मला हे अजिबात पटलेलं नाही.

माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच सर्व्हरवर, माझाच मुलगा बसलाय, हे अमेरिकेतल्या कंपनीनं का तपासावं? आम्ही सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक 1.6 खेळलो. नाव टाइप करायचं आणि शिरायचं. लॅन म्हणजे तेच, तुमची वायर आणि तुमची माणसं. घरच्या सर्व्हरच्या फाइलमध्ये ऑनलाइन-मोडची एक ओळ 'फॉल्स' केली की कुणाच्याही खात्याची तपासणी होत नाही. प्रत्येक जण आपापल्या नावानं येतो, सामानही नावानिशी वेगळं राहतं. तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर इथेच मिळालं.

आणि 2024 चा ऑगस्ट विसरू नका. विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, लोक घरात अडकून पडले. अशा वेळी बाहेरचं नेट जातं, पण इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालतात. ऑनलाइन तपासणी करणारा सर्व्हर त्या वेळी नव्यानं कुणाला आत घेत नाही. माझा घेतो. मुलांना ज्या दिवशी खेळाची खरी गरज असते, त्याच दिवशी तुमची वेगळी खाती दारात उभी राहतात.

शेवटचं म्हणजे पैसे. तीन मुलांच्या बापाला 'वाढदिवसाला घ्या' म्हणणं सोपं आहे. एकाला मार्चमध्ये मिळालं आणि दुसऱ्याला नोव्हेंबरपर्यंत थांबायचं, तर मधल्या काळात घरात काय होतं ते मी पाहिलंय.

केबलवाला_रावपुरा:
नेटवर्क टाकायचं काम करतो, म्हणून दोघांनाही थोडं सांगतो.

मांजलपूरकर, ऑनलाइन-मोड बंद केल्यावर जो तुमचं नाव टाइप करेल तो तुम्ही होतो. तुम्ही सर्व्हरचे ऑप, म्हणजे सगळे अधिकार असलेले चालक, असाल आणि शेजारच्या मुलानं वायफायवर येऊन तुमचं नाव घातलं, तर सगळे अधिकार त्याच्या हातात. घराच्या आत हे चालून जाईल. पण पुण्याच्या भावंडांसाठी म्हणून राउटरवर 25565 हा पोर्ट, म्हणजे सर्व्हरकडे यायचं दार, बाहेर उघडलात, तर तो सर्व्हर जगाला उघडा पडला. हे दोन्ही एकत्र कधीच करू नका.

दुसरं, त्या मोडमध्ये ओळखक्रमांक नावावरून तयार होतो, खात्यावरून नाही. त्यामुळे मोड बदलला की मुलं रिकाम्या हातानं उभी राहतात आणि घरात रडारड होते. सामान पुसलेलं नसतं, जुन्या क्रमांकाच्या फाइलमध्ये पडून असतं. मोड परत पूर्वीसारखा केला की दिसतं. काय ठरवायचं ते जग सुरू करण्याआधी ठरवा. आणि तपासणी बंद केली म्हणजे खेळ विकत घ्यायला नको, असं होत नाही. प्रत खेळणाऱ्या प्रत्येकाची हवीच. तेव्हा पैसे वाचवायचा मार्ग म्हणून हे कुणाला सुचवू नका.

खात्यांच्या संख्येनं नेटवर्कवर भार येतो, असंही पुष्कळांना वाटतं. तसं काही नसतं. एका राउटरमागून चार खाती बाहेरच्या एकाच सर्व्हरवर गेली तरी राउटर प्रत्येक जोडणीला वेगळा पोर्ट देतो. अडचण येते ती घरात दोन कन्सोल असले की. एक्सबॉक्सला 3074 पोर्ट हवा असतो, आणि हातानं फॉरवर्ड केलेला पोर्ट एका वेळी एकाच यंत्राकडे जातो. तिथे हातानं काही करू नका, राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे यंत्रांना स्वतःच पोर्ट मागू देणारी सोय, चालू ठेवा, दुसरा कन्सोल स्वतःसाठी वेगळा पोर्ट मागून घेतो. भाचरांना गेस्ट वायफाय दिलं तर त्यांना तुमचं लॅनवरचं जग दिसणारच नाही. गेस्टवरची यंत्रं घरातल्या यंत्रांपासून मुद्दाम तोडलेली असतात. पुष्कळ ठिकाणी 'खातं खराब झालं' म्हणून मला बोलावतात, तिथे हेच निघतं.

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत तर वायफायचा नादच सोडा. हातभर जाडीच्या भिंती आहेत, 5 गिगाहर्ट्झ पलीकडच्या खोलीतही धड पोचत नाही. कॅट-6 ची नेटवर्क केबल ओढा. गच्चीवरून ओढाल तर पाइपातून न्या, उत्तरायणात मांजा आणि गच्चीवरची गर्दी उघड्या वायरीला सोडत नाही.

निझामपुऱ्याची_आई:
केबलवाल्या दादांनी छान समजावलं. पण दोघं भाऊ ज्यावर भांडताहेत त्याच्या मागचा प्रश्न कुणी काढला नाही.

प्रत्येक खात्याला ईमेल लागतो, जन्मतारीख लागते, कुठे फोन नंबर लागतो. नऊ वर्षांच्या मुलीचं एवढं सगळं मी का द्यायचं? आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल मानलंय. त्याची माहिती घ्यायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात लिहिलंय. कायदा चांगला आहे. पण आपण घरी काय करतो? आमच्या सोसायटीत मी डोळ्यांनी बघते, मुलाचं खातं काढताना जन्मसाल दोन हजारच्या आधीचं टाकतात, म्हणजे 'पालकांची परवानगी'ची कटकट नको. त्या क्षणी तो मुलगा कंपनीच्या दृष्टीनं मोठा माणूस झाला. लहान मुलांसाठी ठेवलेली सगळी बंधनं गळून पडली. घडियाळीपोळ भाऊ, खोट्या वयाचं वेगळं खातं हे बाबांच्या सामायिक खात्यापेक्षा वाईट आहे. सामायिक खात्यावर निदान बाबांच्या ईमेलवर पावती तरी येते.

स्टीम या पीसीवरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानाची तर अटच आहे की तेराच्या आतल्यानं खातं काढायचं नाही. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीला तिथे वेगळं खातं देणं खोटं बोलल्याशिवाय जमतच नाही.

लहानांसाठी माझा मार्ग वेगळा आहे. लुआंटी नावाचा ठोकळ्यांचा फुकट, मुक्त-स्रोत खेळ आहे, पूर्वी त्याला माइनटेस्ट म्हणत. सर्व्हर घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालतो. प्रत्येकाचं नाव-पासवर्ड वेगळं, सामान वेगळं, आणि ते पासवर्ड आपल्याच यंत्रात राहतात. ईमेल नाही, जन्मतारीख नाही. सुपरटक्सकार्ट लॅनवर कसल्याही खात्याशिवाय चालतो. वेगळेपणा मुलांना हवा असतो, तो बाहेरच्या कंपनीकडूनच घ्यायला हवा असं नाही.

घडियाळीपोळ:
ताई, खोट्या जन्मतारखेचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. माझी अट त्यामुळे आणखी कडक होते: वेगळं खातं, खऱ्या वयाचं, पालकाच्या खात्याला जोडलेलं. जे पालक खोटं साल टाकतात ते सामायिक खातं ठेवूनही लक्ष देणार नाहीत.

लुआंटी सात-आठ वर्षांपर्यंत उत्तम, नाकारत नाही. पण मूल पाचवीत गेलं की वर्गातले सगळे माइनक्राफ्टवर असतात. खेळात मित्र कुठे आहेत ह्यालाच किंमत. तिथे 'आपला घरचा बरा' हे फार दिवस टिकत नाही.

मांजलपूरकर, पुराचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की जावात एकट्यानं खेळायचं जग नेटशिवाय चालतं. एकत्र खेळण्याची सर त्याला नाही.

फतेगंज_सेकंड_इयर:
मी काका-काकूंच्या चर्चेत लहान आहे, पण ज्या मुलांबद्दल बोलताय त्यांतलाच एक आहे.

आमच्याकडे एकच स्टीम खातं होतं, दादाच्या ईमेलवर. सहावीपासून मी त्यावरच खेळलो. दादा हॉस्टेलला गेला आणि खातं त्याच्याबरोबर गेलं. तो बिचारा नाही म्हणत नव्हता. पण तो तिकडे खेळायला बसला की मी इकडे बाहेर. सगळे सेव्ह, सगळ्या अचिव्हमेंट, मित्रांची यादी त्याच्या नावावर. खात्याची मालकी दुसऱ्याकडे द्यायलाही स्टीम परवानगी देत नाही. मी कॉलेजात येऊन शून्यापासून सुरुवात केली. दादावर माझा राग नाही, पण आईबाबांनी मी तेरा वर्षांचा झालो त्या दिवशी खातं काढून द्यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आता स्टीम फॅमिलीज आहे, सप्टेंबर 2024 पासून सगळ्यांना खुलं. एका घरातले सहा जण, खाती वेगळी, खेळ एकत्र. दादा एक खेळ खेळत असताना मला त्याच्याच संग्रहातला दुसरा खेळता येतो. दोघांना एकच खेळ एका वेळी हवा असेल तर मात्र दोन प्रती लागतात.

केबलवाला_रावपुरा:
त्यातला एक धोका पालकांना माहीत नसतो. फॅमिलीतल्या कुणी तुमच्या प्रतीवर खेळताना चीट वापरला आणि बंदी आली, तर त्या खेळात तुमच्यावरही बंदी येते. शिवाय मोठा माणूस बाहेर पडला तर पहिल्या फॅमिलीत शिरल्यापासून वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याला दुसऱ्या फॅमिलीत जाता येत नाही आणि त्याची जागाही तोवर अडकते. म्हणून सुट्टीला आलेल्या भाचरांना त्यात घेऊ नका. ती एका घरातल्यांसाठीच आहे.

जुना_बडोदेकर:
खेळांतलं मला कळत नाही, नातवंडांमुळे वाचतो आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून बॉर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, त्या सेंट्रल लायब्ररीत मी लहानपणी जात असे. आम्हां भावंडांची कार्डं वेगवेगळी होती. वडिलांच्या एका कार्डावर सगळ्यांची पुस्तकं आणता आली असती, पण माझ्या नावावरचं पुस्तक मी जपत असे, आणि उशीर झाला तर दंडही मीच भरत असे. घडियाळीपोळ म्हणतात ते मला पटतं. त्या कार्डावर आमची खरी जन्मतारीख होती, तेव्हा ताईंचंही पटतं.

मांजलपूरकर:
आजोबा, नमस्कार. तुमच्याशी वाद घालणार नाही, पण माझं मत सोडतही नाही.

मला खुपतं ते वेगळंच आहे. वेगळी खाती झाली की वेगळे हेडफोन होतात, वेगळ्या खोल्या होतात. माइनक्राफ्टच्या कन्सोल आवृत्तीत एकाच टीव्हीवर चार जण पडदा वाटून खेळू शकतात. माझी तिन्ही मुलं तशीच खेळतात, एकमेकांना ढकलत, ओरडत, स्वयंपाकघरातून मला ऐकू येतात. कोण कुणाशी काय बोलतंय ते कळायला मला फॅमिली ग्रुप लागत नाही. फतेगंजच्या पोराचं वाचून मात्र थोरल्याबद्दलचा माझा विचार बदलला. त्याला पुढच्या वर्षी तेरा पूर्ण होतील, तेव्हा त्याचं खातं त्याच्या खऱ्या वयानं काढीन. धाकट्या दोघांचं आहे तसंच राहील.

केबलवाला दादा, एक विचारायचं होतं. सर्व्हरवर ऑप मीच आहे आणि माझं खेळातलं नाव मुलांच्या मित्रांनाही ठाऊक आहे. ऑपमधून ते काढलं तर सर्व्हर चालवता येईल ना?

केबलवाला_रावपुरा:
येईल. ऑपमध्ये कुणीच नसलं तरी अडत नाही, सर्व्हर ज्या यंत्रावर चालतो तिथल्या खिडकीतून सगळ्या आज्ञा देता येतात. फक्त त्या यंत्राला पासवर्ड ठेवा, आणि विंडोजवर मुलांची खाती 'स्टँडर्ड' करा, अ‍ॅडमिन तुम्ही एकटेच.