सोळा इंची सायकल भंगारात घालण्याआधी टायरवरचा आकडा वाचा

तारकस
"लहान मुलांच्या स्वस्त सायकलींचे पार्ट मिळत नाहीत. टायर फाटला, चेन तुटली की सायकल भंगारात द्या आणि नवी आणा." काल इथे एकाने हा सल्ला दिला आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. सल्ला चूक आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. पार्ट मिळतात. मागणाऱ्याला माप ठाऊक नसतं. 'सोळा इंचीचा टायर द्या' म्हटलं की दुकानदार हाताला येईल तो काढतो, तो बसत नाही, आणि खापर सायकलीच्या किमतीवर फुटतं.

टायरच्या कडेला उठावात आकडे असतात. १६ × १.७५ आणि १६ × १ ३/८ दोन्ही सोळाच, पण पहिला ३०५ मिमी व्यासाच्या रिमवर बसतो आणि दुसरा बहुधा ३४९ च्या. हा ४४ मिमीचा फरक कितीही ओढाताण केली तरी भरून निघत नाही. विसातही तेच: २० × १.७५ ला ४०६, २० × १ ३/८ ला ४५१. दशांशातलं माप आणि अपूर्णांकातलं माप एकमेकांच्या जागी चालत नाही. ४७-३०५ असा आकडा (टायरची रुंदी आणि रिमचा व्यास, मिमीत) दिसला तर दुकानात तोच सांगा. ट्यूबचं एवढं नाही, १.७५ ची ट्यूब २.१२५ च्या टायरात चालते.

चेन अर्धा इंच × १/८, म्हणजे बिनगिअरच्या मोठ्या सायकलीची. लुधियानाचा हा माल गल्लीतल्या दुकानातही असतो. जास्तीच्या कड्या काढा, चेनलॉकची, म्हणजे चेनची टोकं जोडणाऱ्या क्लिपची, बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवा, मध्ये बोटाने दाबून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ढील ठेवा. गिअरवाली ३/३२ ची चेन आणू नका, या जाड दात्यांवर ती बसतच नाही.

पायडल: दोन्ही क्रँक (पायडल लागतं ते दांडे) एकाच वाकवलेल्या सळईच्या असतील तर आटे अर्ध्या इंचाचे, १२.७ मिमी. क्रँक वेगवेगळ्या असतील तर बहुतेक वेळा ९/१६, म्हणजे १४.३. डाव्याचे आटे उलटे असतात. ते जबरदस्तीने सुलट पिळलं की क्रँकचे आटे जातात आणि मग नवं पायडलही धरत नाही.

मेघना_ठाणे
टायर, चेन, पायडल हे सोपे तीन घेतलेत. अवघड ते सोडलंत. प्लॅस्टिकचं अखंड चाक आणि त्यावर फोमचा टायर असतो, त्याचं काय? तिथे रिमचं माप विचारून उपयोग नाही, टायर स्वतंत्र मिळत नाही. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, नायलॉनचा, भोक झिजलं की चाक लटपटतं. हँडलचे कप (फ्रेमच्या नळीत बसणाऱ्या, छर्रे धरणाऱ्या वाट्या) पातळ पत्र्याचे, एकदा लांबट झाले की हँडल खडखडत राहतं आणि कितीही आवळलं तरी जात नाही. वर दुकानदार मजुरीला परवडत नाही म्हणून सायकल हातातच घेत नाही. लोकांना माप कळत नाही म्हणणं अन्यायाचं आहे.

जुना मिस्त्री
मेघनाताई, अखंड चाकाचं मान्य. पण चाक अख्खं बदलता येतं. मागचं चाक बसतं त्या फ्रेमच्या दोन पट्ट्यांच्या खाचांमधलं आतलं अंतर मोजा, तेवढ्याच अंतराचं लॉकनट ते लॉकनट (एक्सलवरच्या दोन्हीकडच्या बाहेरच्या नटांमधलं माप) चाक मागा. दोन-चार मिमी कमी असेल तर वॉशर घाला. खाच पसरवून चाक कोंबू नका, चेन तिरकी चालते.

तारकस, फ्रीव्हील (मागच्या चाकावरची, पायडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती) विसरलात. घोटाळा तिथेच होतो. नेहमीच्या हबचे आटे १.३७ इंच, म्हणजे जवळपास ३५ मिमी. सोळापेक्षा कमी दात्यांची छोटी फ्रीव्हीलं बरेचदा ३० मिमीच्या आट्यांची. व्हर्निअर (व्यास अचूक मोजायची पट्टी) लावल्याशिवाय विकत घेऊ नका. जुनं काढताना खाचेचा पाना व्हाइसमध्ये पकडा आणि वरून चाक घड्याळाच्या उलट फिरवा. पायडल मारून मारून ते आवळत गेलेलं असतं, नुसत्या हाताने निघत नाही.

स्वरा१२
आणि सपोर्टची चाकं? बाराइंचीला सगळ्यात आधी तीच वाकतात. नवा जोड आणला तरी पुन्हा वाकतो.

पेडलकाढू
काढून टाका! तीच चाकं मुलांना सायकल शिकू देत नाहीत. वळताना सायकल आत झुकायला हवी, सपोर्ट तिला बाहेर ढकलतो आणि मूल उलटा तोल शिकतं. दोन्ही पायडलं काढा, दोन्ही तळवे टेकतील इतकी सीट खाली घ्या, पायांनी ढकलत फिरू द्या. पाय उचलून घरंगळता आलं की पायडलं परत लावा. मोडलेल्या सपोर्टवर पैसे घालवू नका.

मेघना_ठाणे
प्रश्न काय, उत्तर काय! सळईच्या क्रँकला पायडलं काढली तरी क्रँकची टोकं दोन्हीकडे राहतात आणि पोटऱ्यांना लागतात, हे सांगितलंत का? आणि प्रत्येक मूल तीन वर्षांचं धडधाकट नसतं. स्नायूंचा त्रास असलेल्या मुलांना सपोर्ट कायमचा लागतो. 'काढून टाका' हा सल्ला सरसकट देणं बेजबाबदारपणा आहे.

पेडलकाढू
त्या मुलांबद्दल मी बोललोच नव्हतो, शब्द माझ्या तोंडी घालू नका. क्रँक मात्र पूर्ण काढावी लागते, हे लिहायला हवं होतं. आधी डावं पायडल काढा, मग डावीकडचा लॉकनट आणि कोन (छर्रे दाबून धरणारा निमुळता नट). दोन्हींचे आटे उलटे. मग क्रँक उजवीकडून सरकवून बाहेर. छर्रे जाळीतले असतात, कोणती जाळी कोणत्या बाजूची आणि कशी बसली होती त्याचा फोटो काढून ठेवा.

जुना मिस्त्री
भांडण पुरे, स्वराताईंचं उत्तर राहिलं. सपोर्ट वाकतो त्याची कारणं दोन. एक, तो जमिनीला टेकवून लावलेला असतो. मग मुलाचं सगळं वजन कायम त्या पट्टीवर, आणि खड्ड्यात मागचं चाक अधांतरी राहून मागचा ब्रेकही धरत नाही. दोन्ही बाजूंनी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर ठेवा. दुसरं, एक्सल आखूड असतो. पट्टी घातल्यावर नटाला दोन-तीनच आटे उरतात, तो ढिला होतो आणि पट्टी फिरते. आधी एक्सल लांब घ्या. तयार पट्टी पातळच असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून २५ × ५ मिमीची पट्टी वाकवून घ्या, ३/८ इंचाच्या एक्सलला १० मिमीचं भोक. पट्टी फिरू नये म्हणून खाचेत अडकणारा खिळा जुन्या जोडातला काढून वापरा.

पेडलकाढू
शिकवण्याबद्दल माझं मत तेच. पण सपोर्ट लावायचाच असेल तर वर ठेवून लावा, एवढं मानतो.

मेघना_ठाणे
तारकस, टायरच्या आकड्याचं तुमचं बरोबर. हँडलच्या कपांचं मात्र तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

तारकस
कप लांबट झाले असतील तर बाहेरून हलक्या हाताने ठोकून काढा आणि फ्रेमच्या नळीचा आतला व्यास मोजा. नळी गोल असेल तर त्या मापाचे लोखंडी कप बसतात. नळीच लांबट झाली असेल किंवा वेल्डिंगला चीर असेल, तर ती फ्रेम मुलाच्या हाती देऊ नका. तिथे भंगारवालाच.