रात्री शीळ घालणारा पक्षी आणि एप्रिलमधली झाडछाटणी: सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं

कुलकर्णी काकू, ए-१०३: रात्री दोन-अडीचला शीळ घालणारा हा पक्षी कोणता? आवाज चढत चढत जातो, एकदम तुटतो, थोड्या वेळानं पुन्हा सुरू. वर रेकॉर्डिंग टाकलंय.

शेख सर, बी-४०२: काकू, हा पावशा. 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतो तोच. पाच-सहा वेळा म्हणतो, दर वेळी पट्टी वर जाते, शेवटी आवाज फाटल्यासारखा होतो आणि थांबतो. चांदणं असलं की रात्रभरही चालतं. कोकिळाच्या नराचा 'कुहूऽ'सुद्धा असाच चढतो, म्हणून गल्लत होते. स्वर मोजायचे: दोन असतील तर कोकीळ, तीन असतील तर पावशा.

वैशाली ताई, सी-२०१: आणि पार्किंगजवळच्या कडुलिंबावरून 'किक्-किक्-किक्-किक्' असा घाईचा आवाज येतो, ती कोकिळा. मादी. गाणारा नर काळाभोर असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, शेपटीवर पट्टे. डोळे दोघांचेही लालभडक. लोक तिला वेगळाच पक्षी समजतात.

रोहन, बी-१०४: ऐकू येतो पण दिसत नाही काही केल्या.

वैशाली ताई: फिरत राहिलात तर दिसणारच नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी खाली या; आपल्याकडे नऊनंतर उन्हामुळे सगळं शांत होतं. आवाज आला की थांबा, दोन-तीन वेळा ऐकून झाड नक्की करा, मग सूर्य पाठीशी येईल असे हळूहळू सरका. खोडाकडून टोकाकडे एकेक फांदी बघायची. कोकीळ पानोळ्यात आत बसतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. पिंपळाला, उंबराला फळं आली की तिथेच थांबावं, खायला येतोच. हालचाल दिसली की नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावा. ८×४२ ची दुर्बीण पुरे. १० पटीची हातात जास्त थरथरते आणि दिसणारा भागही लहान होतो.

शेख सर: पावशा दिसला तरी ओळख चुकते, कारण तो हुबेहूब शिक्र्यासारखा, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा. वरून राखी, छातीवर तांबूस झाक, शेपटीवर पट्टे. दोन पंख मारून तरंगतो तेही तसंच. चोच बघा: शिक्र्याची आखूड, टोकाला आकडा, पावशाची सरळसर. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. सातभाई पक्ष्यांचा थवा कुणावर कलकलाट करत असेल तर तिथे नीट बघा. शिक्रा असेल, साप असेल, पण बऱ्याचदा पावशाच असतो. तो अंडी सातभाईंच्याच घरट्यात घालतो, त्यांच्यासारखीच निळी.

रोहन: आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप चालेल का?

शेख सर: मदतीला चालेल, निकाल म्हणून नाही. आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक ॲपमध्ये आधी उतरवून ठेव. फोन खिशात नको, कापड घासल्याचा आवाज जातो. कूलरपासून दूर उभा राहा, निदान अर्धा मिनिट रेकॉर्ड कर. ॲपनं नाव दिलं तरी पक्षी दिसेपर्यंत नोंदीत लिहू नकोस. कोतवाल पक्षी शिक्र्याच्या आवाजाची छान नक्कल करतो. आणि एक विनंती, पक्षी बाहेर यावा म्हणून त्याचाच आवाज स्पीकरवर वाजवू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला, आणि तो खाणं सोडून धावत राहतो.

सचिव, सोसायटी कार्यालय: सर्वांच्या माहितीसाठी: पावसाळ्यापूर्वीची झाडछाटणी १५ एप्रिलपासून करायची आहे. लिंब, गुलमोहर आणि मागचा शेवगा.

वैशाली ताई: दादा, ही तारीख बदलाच. कावळ्यांची घरटी एप्रिल ते जुलै असतात आणि कोकिळेची अंडी त्यांतच. नर मुद्दाम समोर येऊन ओरडतो, कावळे त्याच्या मागे लागतात, तेवढ्यात मादी अंडं घालून निघते. कोकिळेचं अंडं साधारण १२ ते १४ दिवसांत उबतं, कावळ्याचं १६ च्या पुढे. म्हणून कोकिळेचं पिल्लू आधी बाहेर येतं आणि घास आधी मिळवतं. घरट्यातून बाहेर पडल्यावरही दोन-तीन आठवडे कावळेच भरवतात. घरटं बसल्यापासून दीड-पावणेदोन महिने फांदीला हात लावायचा नाही, नाहीतर दोन्ही जातींची पिल्लं एकाच घावात जातात.

सचिव: पण लिंबाच्या फांद्या विजेच्या तारेला टेकल्यात.

शेख सर: मग तेवढ्याच काढू. आदल्या दिवशी सकाळी वीस मिनिटं खालून दुर्बिणीनं बघायचं. काटक्यांच्या ढिगात शेपूट दिसली किंवा कावळा चोचीत काही घेऊन एकाच जागी वारंवार गेला तर घरटं चालू आहे. त्यावर चढून बघायचं नाही, कावळे डोक्यावर झेपावतात. छाटणीला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अर्जात घरट्यांचा उल्लेख करू. संरक्षित पक्ष्यांची घरटी-अंडी नष्ट करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

वैशाली ताई: शेवग्याची वाळलेली फांदीसुद्धा राहू द्या. खालून रुपयाएवढं गोल भोक दिसतंय, ते तांबट पक्ष्याचं. दुपारभर 'टुक् टुक् टुक्' चालतं तो. बोलताना डोकं फिरवतो, त्यामुळे आवाज दर वेळी दुसरीकडून आल्यासारखा वाटतो. मऊ, मेलेलं लाकूड नसेल तर त्याला कोरताच येत नाही.

कुलकर्णी काकू: या दिवसांत आणखी काय दिसेल गं?

वैशाली ताई: भोरड्या आत्ताच बघून घ्या काकू, पळस-पांगाऱ्यावरचे थवे एप्रिलच्या मध्यापर्यंत परततात. आता नरांचं डोकं चकचकीत काळं आणि अंग गुलाबी झालेलं असतं. चातक मात्र पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते मृगात. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा डाग. माळावरच्या बाभळींत शोधायचा. नवरंग पक्षीही त्याच सुमारास. रात्री प्रवास करताना थकून तो कधी गच्चीत, जिन्यात पडतो.

रोहन: पडलेला सापडला तर?

शेख सर: भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा, अंधार आणि शांतता. चोचीत पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तासाभरानं झाडाखाली खोकं उघडायचं. उडाला नाही तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

सचिव: ठीक. १५ तारखेला फक्त तारेला टेकलेल्या फांद्या. बाकी छाटणी ऑगस्टमध्ये. शेवग्याला उद्या लाल फीत बांधतो, म्हणजे छाटणीवाले चुकून हात लावणार नाहीत. शेख सर, १४ ला सकाळी साडेसहाला लिंबाखाली भेटू.