कोरियन कुटुंबावरच्या नाटकासाठी नट कुठे शोधू? (न्यू जर्सी)

हडसनपल्याड:
नमस्कार मंडळी. आमच्या बर्गन काउंटीतल्या हौशी संस्थेचं इंग्रजी-कोरियन नाटक बसतंय. पॅलिसेड्स पार्कमध्ये ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवणारं कुटुंब. लेखिका-दिग्दर्शिका कोरियन-अमेरिकन, इथेच जन्मलेली. पात्रयोजना माझ्याकडे आहे. वडील (तेही 'अप्पा'च म्हणतात) साठीचे, आई, ऐंशीची आजी, मुलगी २८, मुलगा १९. मानधन प्रत्येकी ३०० डॉलर, त्यावर एक सेंटही नाही. सहा आठवडे तालीम, चार प्रयोग. आई आणि मुलगी मिळाल्या. अप्पा आणि आजी मिळत नाहीत, मुलासाठी दोन जण आहेत पण ठरत नाहीये.

नाट्यवेडा_टोरंटो:
सरळ व्यावसायिक नट घ्या. आम्ही मागच्या एकांकिकेला एकाला २,५०० दिले. पहिल्याच वाचनाला संहिता पाठ करून आला होता. पैसा वसूल.

विंगेतली:
दादा, तिचं बजेट ३०० आहे. शिवाय इक्विटीचा (अमेरिकेतली रंगभूमीवरच्या नटांची संघटना) सदस्य असेल तर संघटनेच्या कराराशिवाय तो काम करू शकत नाही, आधी ते विचारून घ्या. 'बॅकस्टेज'वर (नट शोधायची वेबसाइट) जाहिरात टाका. तरुण नट भरपूर येतील, साठीचे मात्र कमी.

सांताक्लारा_काका:
इतकं कशाला अडायचं? आम्ही एका नाटकात जपानी म्हाताऱ्यासाठी ऑफिसातला चिनी मित्र घेतला होता. कुणालाही कळलं नाही. उत्तम काम केलं त्याने.

विंगेतली:
काका, तुमच्या प्रेक्षकांत जपानी कुणी नव्हतं म्हणून कळलं नाही. इथे अर्धं सभागृह कोरियन असेल. १९९० मध्ये 'मिस सायगॉन' ब्रॉडवेला येताना युरेशियन (आशियाई-युरोपीय मिश्र वंशाच्या) भूमिकेत जोनाथन प्राइस हा गोरा नट होता. इक्विटीने आधी नकार दिला, मग माघार घेतली. आशियाई नटांच्या मनात ते अजून आहे.
आणि ताई, ऑडिशनच्या फॉर्मवर 'तुम्ही कोरियन आहात का' असं विचारू नका, ते नोकरीतल्या भेदभावाच्या कायद्यात अडकू शकतं. 'कोरियन बोलता येतं का' विचारा.

सांताक्लारा_काका:
नटाने काहीही वठवावं, हेच आम्हाला शिकवलंय. पुण्याच्या मुलाने मालवणी माणूस केलाच ना?

विंगेतली:
केला, आणि सावंतवाडीचे लोक दुसऱ्या वाक्याला कुजबुजायला लागले. मी तिथेच बसले होते.

सुवनकर:
कोरियात नऊ वर्षं आहे, म्हणून विचारतो. संहितेत अप्पा कुठले आहेत?

हडसनपल्याड:
बुसानचे. १९८४ ला आलेले.

सुवनकर:
मग सोलचा नट चालणार नाही. बुसानची ग्यंगसांग बोली. तिच्यात शब्दाशब्दाला स्वर चढतो-उतरतो, सोलच्या भाषेत तसं नाही. कोरियन माणूस डोळे मिटूनही ओळखेल. शिवाय १९८४ साली देश सोडलेल्याची भाषा तिथेच थांबलेली असते. आजची मालिकांतली भाषा त्यांच्या तोंडी खोटी वाटेल.
मुलाचं उलटं. तो इथे जन्मलेला, आजी कोरियनमध्ये विचारणार आणि तो इंग्रजीत उत्तर देणार. तिथे अस्खलित कोरियन बोलणारा घेऊ नका. मोठ्यांशी बोलायचं आदराचं 'जोन्देन्माल' आणि जवळिकीचं 'बानमाल' यांत तो अडखळला पाहिजे. अप्पा रागावतात ते त्या अडखळण्यावर.

तिसरी_घंटा:
आजीसाठी कोरियन चर्चमध्ये विचारा. रविवारी प्रार्थनेनंतर सगळे एकत्र जेवतात. गायनवृंदातल्या आज्या लोकांसमोर उभं राहायला घाबरत नाहीत.

एडिसनचा_मिलिंद:
चर्च ठीक, पण नवखा माणूस अजिबात नको! आमच्या एकांकिकेत एका काकांना घेतलं, घरी काय सुंदर बोलायचे. प्रयोगात दिवे लागले आणि गप्प. विंगेतून तीनदा वाक्य दिलं, ते माझ्याकडे बघत राहिले. चार महिन्यांची मेहनत गेली. 'बॅकस्टेज'वर जाहिरात द्या.

विंगेतली:
जाहिरातीचं मी वर लिहिलंय. नवख्याबद्दल सहमत. आजी चालेल, तिला प्रवेश कमी असतील. अप्पा नाही.

नाट्यवेडा_टोरंटो:
सहमत. म्हणूनच म्हणतो, व्यावसायिक घ्या.

हडसनपल्याड (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. आजी चर्चमध्येच मिळाल्या, ७६ वर्षांच्या. मुलगाही ठरला, दोघांतला कोरियन कमी येणारा.
अप्पांसाठी शेवटी दोघे उरले. एक शिकलेला नट, सोलचा, आवाज भारदस्त. दुसरे खरोखर ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवतात, मूळचे बुसानजवळचे, रंगमंचावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. दोघांना तोच प्रवेश दिला: मुलाशी भांडत शर्ट घडी करायचा. नटाने वाक्यं छान म्हटली, शर्ट हातातच राहिला. या गृहस्थांनी आधी खिशात बोटं घालून पेन राहिलंय का पाहिलं, कॉलर उलटून डागावर अंगठा फिरवला आणि मान वर न करता मुलाला म्हणाले, "जेवलास का?" संहितेत ते वाक्य नाही. दिग्दर्शिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचे वडील भांडण झालं की हेच विचारायचे.
तुम्हा सर्वांचं मत वेगळं आहे हे माहीत आहे, तरी त्यांनाच घेतलंय. दुकान सातला बंद होतं, म्हणून तालीम आठला.

एडिसनचा_मिलिंद:
प्रॉम्प्टर ठेवा. दोन ठेवा, दोन्ही विंगांत, आणि दोघांनाही बुसानचं कोरियन येऊ दे.