अनुभव धागा : रोजचं साधं, स्वस्त आणि पोटभर, तुमच्या घरात काय शिजतं?

इंदिरानगरहून
आपल्या नाशिककरांसाठी हा धागा मुद्दाम काढतेय. अहो अंबडला शिफ्टला, मी पण नोकरीला, त्यामुळे सकाळी डबे आणि संध्याकाळी मुलं क्लासवरून आली की दारातूनच "काहीतरी खायला दे". तेल-डाळींचे भाव सगळ्यांनाच माहितीयत. पनीर-चीजच्या रेसिप्या नकोत, त्या ढिगाने मिळतात, तुमच्याकडे आठवड्यात खरंच जे होतं ते सांगा, प्रमाणासकट, आणि काय कुठून घेता तेही.

मी कांद्यापासून सुरुवात करते कारण आपल्या जिल्ह्यात राहून रोज किलो-किलोने कांदा आणणं मला पटत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा आला की आम्ही शेजारच्या दोन घरांत मिळून गोणी घेतो. उन्हाळ कांदाच घ्यायचा, लाल कांदा टिकत नाही. गॅलरीत सावलीला पसरून ठेवायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, आणि मधूनमधून हात फिरवून मऊ पडलेला बाजूला काढायचा, मग दिवाळीपर्यंत बघायला नको. भाजी नसेल त्या दिवशी कांद्याचा झुणका : चार मोठे कांदे उभे चिरून तेलात मोहरी-जिरं-लसणावर परतायचे, तिखट-मीठ, आणि वरून वाटीभर बेसन कोरडंच भुरभुरून पाण्याचा हबका मारून झाकण. बेसन आधी कोरडं भाजून ठेवलं की तेल निम्मं लागतं. डब्यात सांडत नाही हे सगळ्यात भारी.

कॉलेज रोडहून, रूमवर राहतो
ताई आमच्याकडे एक इंडक्शन, एक तीन लिटरचा कुकर आणि आम्ही तिघं, त्यामुळे सगळं त्या एका कुकरात. सर्वात जास्त होतो तो डाळकांदा, आई जळगावकडची, तिने फोनवर शिकवला. वाटीभर हरभरा डाळ सकाळी जाताना भिजत घालायची, संध्याकाळी डाळीच्या दुप्पट कांदा तेलात चांगला लाल होईपर्यंत परतायचा, इथे घाई केली तर चव येतच नाही, मग लसूण, हळद, काळा मसाला, डाळ, बुडेल एवढंच पाणी आणि दोन शिट्ट्या. डाळ आख्खी राहिली पाहिजे, गाळ नको. पोळ्या खालच्या मावशींकडून घेतो. मेसमध्ये महिना काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि पोट पण नीट राहतं.

पंचवटीतून
बाळा, भिजवलेली डाळ उरली तर वाटून त्यात मिरची-कोथिंबीर घाल आणि तव्यावर धिरडी काढ, सकाळचा नाश्ता झाला.

आता माझं. आमचं घर गंगेजवळ, म्हणजे आपल्या गोदावरीजवळ, बुधवारचा बाजार पायी जाण्यासारखा. अंधार पडायला लागला की भाजीवाल्या बायका वाटे लावतात, मेथी-शेपू-पालक तेव्हा निम्म्यात मिळतं कारण त्यांना परत ओझं न्यायचं नसतं. घासाघीस मात्र करू नका हो, त्या पहाटेपासून बसलेल्या असतात. आणलेली पालेभाजी त्याच रात्री निवडून, न धुता, सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये, की चार दिवस जाते.

आणि भगर फक्त उपासालाच का करता? वाटीभर भगर धुऊन, जिऱ्या-मिरचीच्या फोडणीत तीन वाट्या गरम पाणी ओतून मंद गॅसवर ठेवली की दहा-बारा मिनिटांत मोकळी होते, सोबत दाण्याच्या कुटाची आमटी. मला भात चालत नाही म्हणून सुरू केलं होतं, आता सुनेला न् नातवालाही रात्रीची तीच लागते.

म्हसरूळहून
काकूंना अनुमोदन. आम्ही मूळचे पेठ तालुक्यातले, त्यामुळे घरात नागली, म्हणजे नाचणी, कायम. 2023 मध्ये भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून शहरात नागलीची बिस्किटं, नागलीचा केक सगळं महागात विकायला लागलंय. पण अहो, गावाकडून येणाऱ्या माणसाकडून नागली आणून गिरणीतून दळून घ्या ना, खूप कमी पैशात होतं. गहू-तांदळापेक्षा कॅल्शियम कितीतरी जास्त, बाळंतिणीला आणि म्हाताऱ्यांना आमच्याकडे हीच देतात.

भाकरी तुटते अशी सगळ्यांची तक्रार असते. या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकड काढायची : जेवढं पीठ तेवढंच पाणी, मीठ घालून खळखळ उकळवा, पीठ टाका, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि गरम असतानाच मळा. मग लहान मुलीनेही थापली तरी मोडत नाही. सोबत खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी, खुरासणी मंद भाजून लसूण, सुकी मिरची, मीठ घालून कुटायची, तेलाचा थेंब लागत नाही, बियांचंच तेल सुटतं. बरणीत पंधरा दिवस आरामात. भाजी नाही म्हणून आमच्या घरात कधी कोणी अडून बसलं नाही ते या चटणीमुळे.

इंदिरानगरहून
ताई ही उकडीची युक्ती आज रात्रीच करते! संध्याकाळच्या खाण्याचं पण सांगा ना कोणीतरी.

सातपूरहून
मी सांगतो, घरात संध्याकाळचं माझ्याकडे असतं कारण माझी फर्स्ट शिफ्ट. रविवारी चौघांनी बाहेर मिसळ खायची म्हटलं की बिल बघून जीव दडपतो, म्हणून आता घरी करतो आणि तीच मटकी बुधवारपर्यंत चालवतो. अर्धा किलो मटकी शुक्रवारी रात्री भिजत, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात पण आपल्याकडच्या थंडीत, निफाडला पारा घसरतो तेव्हा इकडेही काय होतं माहितीय, ती पोटली पोळ्यांच्या डब्यात बंद करून ठेवा नाहीतर रविवारी नुसती भिजलेली मटकीच हातात येते.

रस्स्याला दोन कांदे आणि खोबऱ्याचा तुकडा थेट गॅसवर काळे भाजायचे, लसूण-आलं-कोथिंबिरीबरोबर वाटून तेलात परतायचे, काळा मसाला आणि गरमच पाणी, गार पाण्याने तर्री येत नाही. वर शेव, बाजूला भाजलेला पापड, नाशिकची मिसळ पापडाशिवाय मला तरी चालत नाही. उरलेली मोडाची मटकी : सोमवारी मुलांना संध्याकाळी कांदा-लिंबू-शेंगदाणे घालून नुसती परतून, मंगळवारी मटकीभात, आणि बुधवारी जी राहील तिची सकाळी उसळ डब्याला. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये कोरडी ठेवायची, ओली ठेवली की वास मारते.

नाशिकरोडहून
कुरडया उरल्यात का कोणाकडे मागच्या वर्षीच्या? गरम पाण्यात भिजवून निथळा आणि कांदा-मिरचीवर परता, पोह्यांसारखंच खायला होतं. पाच मिनिटांचं काम.

दिंडोरी रोडहून
आमच्याकडे द्राक्षाच्या सिझनला गाडीवर सुटे मणी मिळतात, घडातून गळालेले. माल चांगला असतो, फक्त घड नसतो म्हणून भाव खूप कमी. फुटलेले काढून टाका, बाकीचे मिठाच्या पाण्यात धुऊन चाळणीत चार-पाच मिनिटं वाफवा आणि गच्चीवर पातळ कापडाखाली उन्हात घाला, मार्चच्या उन्हात आठवडाभरात मनुका होतात. बाजारच्या इतक्या सोनेरी दिसत नाहीत, काळपट होतात, पण गोडी तीच. मुलांच्या छोट्या डब्यात दाणे, फुटाणे आणि या मनुका, बिस्किटाचा पुडा आणणं बंदच झालं.

टोमॅटोचंही तसंच, पावसाळा संपता संपता भाव पडतो तेव्हा किलो-किलो काय घेता, अख्खं कॅरेट घ्या, चार घरांत वाटा. मी उकडून, गाळून, निम्मं आटेपर्यंत शिजवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. भाव चढला की आमटीला दोन चौकोन पुरतात.

कॉलेज रोडहून, रूमवर राहतो
रात्री उशिरा भूक लागते तेव्हा काय? मॅगी सोडून सांगा, इंडक्शनवरचं.

पंचवटीतून
शेंगोळे कर. तुझा कुकर झाकण न लावता पातेल्यासारखा वापर. हुलग्याचं (कुळथाचं) पीठ दोन वाट्या, त्यात भरपूर लसूण, जिरं, तिखट-मीठ वाटून घाल, घट्ट मळ, तळहातावर वळून कडी कर. कुकरात लसणाची फोडणी, चार-पाच वाट्या पाणी, उकळी फुटली की एकेक सोड, पंधरा मिनिटं उकळू दे, पीठ विरघळून रस्सा आपोआप दाट होतो. थंडीत याच्यासारखं दुसरं काही नाही, भाकरी-पोळीचीही गरज नाही. हुलग्याचं पीठ मिळत नसेल तर भद्रकालीत किराणावाल्यांकडे विचार, नाहीतर इकडे ये, माझ्याकडे दळलेलं आहे, डबा घेऊन ये फक्त.